बारब्देबाईंची खरी वही

श्रीमती मंदाकिनी बारब्दे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्या समोर नसताना. भातकुलीच्या आमच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला आठवीच्या वर्गावर बदली तासाला पाठवले. "बारब्देबाई आज रजेवर आहेत. मुलांना काम देऊन गेल्या आहेत, तुम्ही नुसते बसा," असे ते म्हणाले. वर्गात गेलो तर सगळी मुले खाली माना घालून बसलेली. प्रत्येकापुढे खाकी कव्हर घातलेली कोरी वही, आणि प्रत्येक जण तिच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात आकडे टाकत होता. दुसरे काही नाही. विज्ञानाच्या तासाला आकडे! मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटला. पुढच्या बाकावरच्या मुलीला मी विचारले, "काय करून राहिले तुमी?"

"पानाइले नंबर टाकून राहिलो सर."

"कावून?"

"बाईनं सांगतलं. नंबर असले तं पान फाडता येत नाई."

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत बाईंची भेट झाली. फिकट रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, अमरावतीहून सकाळच्या एसटीने आल्यामुळे केसांवर धुळीचा थर. मी नवखा होतो आणि नवख्याला असतो तेवढा आगाऊपणाही माझ्याजवळ होता. "बाई, तुमच्या वर्गात विज्ञान कधी सुरू होतं?" असे मी हसत हसत विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कालच सुरू झालं की, सर. आपलं चुकलेलं पान वहीत तसंच राहू द्यायचं, हे मुलांना फार जड जातं. तिथून सुरुवात केली नाही तर पुढचं काहीच होत नाही."

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी आधी बाईंकडे गेलो. त्यांनी एकच अट घातली. "अर्चनाचं लिहिणार असाल तर लिहा. आणि दुसऱ्या वहीचंही. ते दोन्ही गाळून माझं कौतुक करायचं असेल तर हे पुस्तक मला नको." मंडळातील काही मित्रांना ही अट रुचली नाही. गौरवग्रंथात गौरवच असावा, त्यात जुन्या जखमा कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे होते असेही मी म्हणत नाही. पण बाईंबरोबर एका शाळेत इतकी वर्षे काढल्यावर त्यांची अट मोडून त्यांच्यावर लिहिणे मला जमले नसते.

बाईंचे माहेर अकोल्याचे. वडील वकील, घरात पुस्तके आणि पक्षकार यांची सारखीच वर्दळ. बी.एस्सी. अकोल्यात केले, बी.एड. अमरावतीला, आणि लग्न होऊन त्या अमरावतीकर झाल्या. शहरातल्या शाळेत त्यांना सहज नोकरी मिळाली असती; एका संस्थेने बोलावलेही होते. त्या भातकुलीला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत भातकुलीलाच राहिल्या. कारण विचारले की म्हणत, "इथल्या मुलांच्या हाताला माती माहीत आहे. माझं अर्धं काम आधीच झालेलं असतं."

त्यांची विज्ञानाची वही कशी असे, हे आज सांगितले पाहिजे, कारण ती आता कुठे पाहायला मिळत नाही. जाड पुठ्ठ्याची, मधून दोऱ्याने शिवलेली वही घ्यायची. पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी मोकळी सोडायची. मग आकडे. त्यानंतर उजवे पान शाळेचे आणि डावे पान स्वतःचे. उजव्या पानावर तारीख, प्रयोगाचे नाव, काय पाहायचे आहे, साहित्य, काय केले आणि काय दिसले, हे ओळीने. डाव्या पानावर आकृती, आणि आकृतीखाली मुलाच्या मनात जे येईल ते. तिथे शुद्धलेखनाची तपासणी नव्हती, वऱ्हाडीत लिहिले तरी चालत असे. खोडरबराला बंदी. चुकले तर पट्टीने एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचे वाचता आले पाहिजे. आकृती पेन्सिलने, अक्षर शाईने. पान चिकटवायचे असेल तर भाताच्या खळीने.

यातली सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे 'काय दिसले' हे लिहिणे. मुलांना पुस्तकात काय दिसायला हवे ते आधीच ठाऊक असे, आणि हात तेच लिहायला धावत. एकदा सहावीच्या मुलांनी डब्यांत सरकी पेरली होती. कोणाची उगवली, कोणाची सडली. एका मुलाने उजव्या पानावर 'काहीच झाले नाही' एवढेच लिहिले आणि डाव्या पानावर लिहिले, 'मले वाटते मायनं डबा चुलीजवळ ठेवला म्हणून.' बाईंनी त्या वाक्याखाली लाल शाईने लिहिले, 'पुढच्या वेळी एक डबा चुलीजवळ आणि एक दूर ठेवून पाहा.' तो शेरा त्या मुलाने शाळाभर मिरवला. न उगवलेल्या सरकीचे असे कौतुक त्याने कुठे पाहिलेले नव्हते.

मला स्वतःला त्या वहीचा उपयोग एकदा झाला. माझी आई चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. तिला चक्कर येत असे. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली, मग बदलली, पुन्हा बदलली, तरी चक्कर काही थांबेना. बारब्देबाई तिला पाहायला आल्या. "चक्कर कधी येते?" त्यांनी विचारले.

"येते तवा येते, माय," आई म्हणाली. "तिचा काय टाइम असते?"

बाईंनी पिशवीतून एक वही काढली. आईला अक्षर येत नव्हते. हातात पेन्सिल धरायचीही तिची पहिलीच वेळ. बाई तिच्याशेजारी चटईवर बसल्या आणि तिला तीनच खुणा शिकवल्या: जेवण झाले की गोल, गोळी घेतली की टिंब, चक्कर आली की फुली. एका दिवसाला एक पान. आईने ते काम इतक्या निष्ठेने केले की मधल्या काळात तिला भेटायला येणाऱ्यांना ती आधी वही दाखवी. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ती पाने उलटली आणि ते थांबले. ज्या दिवशी गोलाच्या आधी टिंब होते, त्या दिवशी फुली होती. त्यांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, मात्राही थोडी कमी केली, आणि चक्कर पुष्कळ आटोक्यात आली. आईला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. घरी येऊन ती शेजारणीला सांगत होती, "म्या लिवलं ते डाक्टरनं वाचलं वं!" बाईंचे उपकार मी अनेकदा बोलून दाखवले. त्या दर वेळी विषय बदलत.

आता अर्चनाविषयी.

अर्चना ढोके ही भातकुलीपासून जवळच्या एका खेड्यातली मुलगी. वडील रामदासभाऊ हे काळ्या कसदार जमिनीचे, खाऊनपिऊन सुखी कास्तकार. अर्चना आठवीत असतानाची गोष्ट. बाईंनी मुलांना आम्लात निळा लिटमस कागद बुडवायला दिला. पुस्तकात लिहिले होते की तो लाल होतो. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा सगळ्यांच्या वहीत 'कागद लाल झाला' असे होते. फक्त अर्चनाच्या वहीत होते, 'कागद निळाच राहिला. दोनदा बुडवून पाहिला.' बाई दुसऱ्या दिवशी तीच बाटली घेऊन वर्गात गेल्या, सगळ्यांसमोर कागद बुडवला. तो निळाच राहिला. प्रयोगशाळेच्या परिचराने बाटली धुऊन तिच्यात साधे पाणी भरून ठेवले होते, चिठ्ठी मात्र आम्लाची होती. सगळ्या वर्गाच्या माना खाली गेल्या. बाई कोणाला बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाटलीत पाणी आहे हे मला कळलं नव्हतं. अर्चनालाही कळलं नव्हतं. पण तिने दिसलं ते लिहिलं, म्हणून आज आपल्या सगळ्यांना कळलं." त्या दिवसापासून अर्चनाने ठरवून टाकले की आपण पुढे विज्ञान शिकायचे. मधल्या सुटीत ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी दिसे. बाईही तिला काचेच्या नळ्या धुवायला, तराजू पुसायला आत घेत.

दिसेल तेच लिहिण्याची ती सवय पुढे तिला महागात पडली.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला त्या वर्षी बाहेरच्या शाळेतले एक परीक्षक आले होते. मी दारापाशी टेबल टाकून मुलांच्या सह्या घेत बसलो होतो, आणि आतले सगळे मला ऐकू येत होते. बाई शाळेच्या बाजूने परीक्षक म्हणून आत बसल्या होत्या. अर्चनाला पाणी किती अंशांना उकळते ते मोजायचे होते. शाळेचा तापमापक जुना होता. तिने पाणी उकळू दिले, थांबली, पुन्हा पाहिले, आणि उत्तरपत्रिकेत सत्त्याण्णव लिहिले. परीक्षकांनी विचारले, "पाणी किती अंशाला उकळतं?"

"पुस्तकात शंभर आहे सर. पण याच्यात सत्त्याण्णव दिसून राहिलं."

"मग चुकलं कोण? पुस्तक का तू?"

"माहीत नाही सर. दुसरा थर्मामीटर असता तं पाहून सांगतलं असतं."

परीक्षक हसले. मग त्यांनी वर्गाच्या वर्षभराच्या वह्या मागवल्या. पाने उलटता उलटता त्यांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. आडव्या रेघा, 'जमले नाही', 'कळले नाही', डाव्या पानांवर वऱ्हाडीतले प्रश्न. अर्चनाची वही तर अशा गोष्टींनी गच्च भरलेली.

"बाई, ही कच्ची वही झाली. पक्की कुठे आहे?"

"हीच पक्की आहे, सर."

"मग गुण कच्चेच पडतील."

बाईंनी त्यांना समजावून पाहिले. ते गृहस्थ वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. सकाळपासून दुसऱ्या शाळेतली एक तुकडी आटोपून आले होते, पुढे आणखी एका गावाला जायचे होते, आणि त्यांना नेमून दिलेल्या पद्धतीत अशी वही बसत नव्हती. त्यांनी गुण कापले. साऱ्याच वर्गाचे कापले, अर्चनाचे सर्वांत जास्त.

इतर मुलांचे त्याने फारसे बिघडले नाही. कोणाचा वर्ग थोडक्यात हुकला, कोणी ते विसरूनही गेले. अर्चनाचे मात्र सारेच त्या गुणांवर अवलंबून होते. तिची चुलतबहीण अमरावतीच्या ज्या महाविद्यालयात जात होती, तिथे विज्ञान शाखेला नाव लागले तर तिच्याबरोबर रोज एसटीने जाऊ देईन, असा शब्द रामदासभाऊंनी दिला होता. तिथली यादी लागली. अर्चनाचे नाव अगदी थोडक्यात राहिले. प्रात्यक्षिकाचे कापलेले गुण तेवढे असते तर ते लागले असते.

बाई त्याच संध्याकाळी रामदासभाऊंकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "सर, सोबत याल का? मला एकटीला जायची हिंमत नाही." त्यांच्या तोंडून असे मी प्रथमच ऐकले. अंगणात बाज टाकलेली होती, तिच्यावर आम्हाला बसवले. अर्चनाच्या आईने चहा आणला. अर्चना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाईंनी झाले ते सगळे स्वच्छ सांगितले, गुण का कापले गेले तेही.

रामदासभाऊंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, रागावू नका. पण खरं लिवलं म्हणून मार्क कटते, असं म्या आजवर आयकलं नाई. तुमी इतक्या शिकेल. कोठी खरं लिवा अन् कोठी नाई, हे बी पोट्टीले शिकवा लागत होतं ना?"

"शिकवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण ते मला येत नाही, भाऊ."

चहा निवून गेला.

बाईंनी हात टेकले नाहीत. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटल्या. ते म्हणाले, यादी यादीप्रमाणेच चालेल. अर्चनाला अमरावतीत स्वतःच्या घरी ठेवून दुसरीकडे नाव घालावे म्हटले, तर प्रवेश संपलेले. मग अकोला. तिथल्या एका महाविद्यालयात विज्ञानाच्या जागा शिल्लक होत्या, आणि बाईंचे वकील भाऊ तिथेच राहत होते. बाई रामदासभाऊंना आणि अर्चनाला घेऊन गेल्या. प्रवेशाचा अर्ज मिळाला. भावाच्या घरी सगळ्यांचे जेवण झाले, अर्चनाला तिची खोलीही दाखवून झाली. वहिनींनी खिडकीशी टेबलसुद्धा लावून ठेवले होते. बाईंना वाटले, साधले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर रामदासभाऊ म्हणाले, "बाई, तुमच्या भावाचं घर लय चांगलं. माणसं बी देवासारखे. पण पोट्टी माह्या डोयासमोर पायजे. चुलतबहिणीसंग अमरावतीले गेली असती, सांजच्याले घरी आली असती, तं गोष्ट येगळी होती. अकोल्यात नाई जमत."

बाईंनी बडनेरा येईपर्यंत त्यांना परोपरीने विनवले. अर्चना खिडकीबाहेर पाहत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मला हे सांगताना बाई म्हणाल्या, "ती रडली असती, माझ्यावर चिडली असती, तर मला सोसलं असतं. उतरताना ती मला विचारते, बाई, तुमच्या पिशवीचा बंद तुटला, मी धरू का?"

अर्चनाने गावाजवळच्या महाविद्यालयात कला शाखेला नाव घातले. बारावी झाल्यावर तिचे लग्न झाले आणि ती धामणगाव रेल्वे या गावी गेली. सासरी धान्याचा व्यापार. लग्नाला आम्ही दोघेही गेलो होतो. बाईंनी आहेर दिला आणि न जेवता परत निघाल्या. मी आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत विषय काढला. तेही सज्जन गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलले. "बाई, तुमची वही तुमच्या पद्धतीने चालू द्या. पण दहावीला दुसरी एक करून घ्या, परीक्षकांसाठी. पुस्तकात आहे तसं, सुवाच्य अक्षरात. मुलांचं नुकसान नको." सगळे बाईंकडे पाहत होते. आम्हाला वाटले, त्या आता कडाडून नाही म्हणतील. बाई टेबलाकडे पाहत म्हणाल्या, "बरं."

दहावीच्या वर्गात त्यांनी तसे सांगितले: ही वही तुमची, आणि ही दुसरी परीक्षेची, दुसरीत पुस्तकातले उतरवा. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "बाई, मंग खरी कोणती?" त्याला काही टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरोखरच कळले नव्हते. "पहिली," बाई म्हणाल्या. "दुसरी लागते म्हणून." आणि तास संपायला अवकाश असताना त्या बाहेर आल्या. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होतो. त्या व्हरांड्यातून पाण्याच्या टाकीकडे जाताना दिसल्या आणि तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

त्यानंतर आमच्या शाळेचे प्रात्यक्षिकाचे गुण एकदम वाढले. निकाल चांगला लागला, गावात नाव झाले, पालकांनी बाईंचा सत्कार केला. एका पुरस्कारासाठी शाळेने त्यांचे नाव पाठवायचे ठरवले तेव्हा बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "कोणत्या वहीसाठी देणार आहेत?" एवढेच त्यांनी विचारले. नाव पाठवले गेले नाही.

मला नंतर अनेकदा वाटले आहे की त्या दिवशी 'बरं' म्हणण्याला 'नाही' म्हणण्यापेक्षा अधिक धैर्य लागले असेल. 'नाही' म्हणून त्यांना स्वतःचे तत्त्व राखता आले असते, पण त्याची किंमत पुन्हा एखाद्या अर्चनाने मोजली असती. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवले. त्यांना ते पटले नाही. "तुम्ही मराठीचे शिक्षक, सर, तुम्हाला शब्द सापडतात," त्या म्हणाल्या. "झालं ते एवढंच, की एका मुलीचं नुकसान झालं आणि त्यानंतर सगळ्या मुलांना मी नक्कल करायला शिकवलं. दोन्ही वाईट. तिसरा रस्ता असेलही, मला दिसला नाही."

आणि जे व्हायचे ते झाले. ज्या वहीला गुण, तीच वही मुले जपू लागली. पहिली वही हळूहळू पातळ होत गेली. आठवीत भरभरून लिहिणारी मुले दहावीत डावे पान कोरे सोडू लागली. बाई रागावत नसत. कोऱ्या पानाखालीही लाल शाईने 'काहीच वाटले नाही का?' असे लिहीत. निवृत्तीपर्यंत त्यांनी पहिली वही बंद केली नाही. त्या निवृत्त झाल्यावर मात्र वर्षभरात ती बंद पडली.

मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला मी शाळेत गेलो होतो. विज्ञानाचे नवे शिक्षक उमदे आहेत, मुलांचे लाडकेही आहेत. त्यांनी छापील प्रयोगवही दाखवली. उद्देश छापलेला, साहित्य छापलेले, आकृतीसुद्धा छापलेली. मुलांनी गाळलेल्या जागा भरायच्या. "बारब्देबाईंच्या वहीविषयी ऐकलंय, सर," ते म्हणाले, "पण तेवढा वेळच उरत नाही." मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. बाईंना मात्र हे अजून सांगितलेले नाही. त्या हा लेख वाचतील तेव्हा त्यांना कळेल. त्यांनी मला क्षमा करावी.

या ग्रंथाचे ठरले तेव्हा बाई म्हणाल्या, "अर्चनाचं लिहिणार, तर आधी तिला विचारायला हवं." लग्नानंतर त्यांची तिची गाठ नव्हती. दिवाळीला तिचा फोन येई, ख्यालीखुशाली होई, त्यापलीकडे शब्द जात नसे. मग एका रविवारी आम्ही धामणगावला गेलो. बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. स्टेशनचा जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला होता.

अर्चनाचे घर दुकानाच्या मागे आहे. समोर तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी. सकाळचा दुकानाचा कारभार तीच पाहते. आता तिचेही केस पिकू लागले आहेत. तिने बाईंना वाकून नमस्कार केला, पाट मांडले, पाटोड्यांची भाजी आणि भाकरी वाढली. बाईंनी घास घेतला नाही. म्हणाल्या, "अर्चना, आधी ऐक. तुझं नुकसान माझ्यामुळे झालं. हे तुझ्यासमोर येऊन म्हणायला मला इतकी वर्षं लागली."

मला वाटले, ती म्हणेल, जाऊ द्या बाई, नशिबातच नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी माणसे हेच म्हणतात. अर्चना वाढायची थांबली.

"झालं, बाई," ती म्हणाली. "नुसकान झालंच. नाई कशी म्हणू?"

तिने हातातले भांडे खाली ठेवले.

"तुमी कपटानं काही केलं नाई, हे मले तवाही मालूम होतं. पण राग लय वर्षं होता. तुमचा बी, बाबाचा बी, त्या सायबाचा बी. पोरीचा विज्ञानाचा अभ्यास घेऊन राहिली असली का मधातच मले थांबा लागते. वाटते, याच्या पुढचं मले येत असतं. ते वाटणं काही गेलं नाई, बाई. अजून नाई गेलं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी ते पुसले नाही. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "तू काही नाही म्हणशील, याचीच मला भीती होती."

"लिवा म्हणा सरले," अर्चना म्हणाली. "सगळं लिवा म्हणा. आता जेवा."

मग बाई जेवल्या. दुपारची गाडी धरायला उठलो तेव्हा अर्चनाने त्यांचा हात धरला. "बाई, तुमी थांबा. इतक्या वर्षाचं हाये, एका जेवणात कसं होईन?" मी एकटाच परतलो.

बाई तिथे दोन दिवस राहिल्या. परतल्यावर मी त्यांना भेटायला गेलो आणि विचारले, "काय बोलणं झालं?"

"भांडलो," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर थकवा होता, आणि पुष्कळ दिवसांनी मी त्यांना इतके मोकळे पाहत होतो. "तिने खूप सुनावलं. मीही एकदोनदा सुनावलं. ती म्हणते, अजून संपलं नाही, हरभरा निघाला की या."

बारब्देबाईंनी यायचे कबूल केले आहे. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, डोळ्यांना दिसत राहो, धामणगावचा जिना त्यांना दर वर्षी चढता येवो. आणि अर्चनाच्या मनातले सगळे, काहीही न राखता, घाई न करता, शेवटच्या शब्दापर्यंत बोलून होईल आणि त्याही पुढे त्या दोघींना नुसते एकत्र बसायला पुष्कळ वर्षे उरतील, एवढे निरोगी, दीर्घ आयुष्य त्यांना लाभो.